गच्चीवरच्या लेकी

आमच्या बिल्डिंगमध्ये ऑपरेटरबाईंनी कुणाला मागितल्याबरोबर झाड दिलं, असं कधी झालं नाही. आधी त्या घर बघायला यायच्या.

बघायला म्हणजे अगदी मुलीकडची माणसं स्थळ बघायला येतात तशा. कडक इस्त्रीची सुती साडी, काखेत काळी पर्स, सकाळी दहाच्या सुमाराला बेल. चपला काढून तडक बाल्कनीत जायच्या आणि उन्हात हात धरून फरशीवर पडलेली हाताची सावली न्याहाळत उभ्या राहायच्या. सावलीतली बोटं मोजता आली तर ऊन जास्त. सावलीच पडली नाही तर ऊन कमी. बोटं आहेत एवढं समजतंय, पण कुठलं कुठे ते नीट कळत नाही, अशी पुसट सावली पडली की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. मग आत येऊन उलटतपासणी. पाणी कोण घालणार? एकच नाव सांगा. कपड्यांची दोरी कुठे बांधता? गावाला गेलात की किल्ली कुणाकडे असते? आणि सगळ्यात शेवटी, घरच्या माणसांवरून नजर फिरवत, "या घरात रागीट कोण?"

"रागाचा आणि झाडाचा काय संबंध हो बाई?" असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं.

"रागीट माणूस बरा," बाई म्हणाल्या. "तो झाडाच्या वाटेला जात नाही. भीती प्रेमळ माणसाची. येता-जाता पाणी घालतो आणि मुळं कुजवतो."

मी लग्न होऊन साताऱ्याहून बोरीवलीला आले तेव्हाची ही गोष्ट, ऐंशीच्या दशकातली. पूर्वेला, डोंगराच्या बाजूला आमची चार मजल्यांची सोसायटी. दोन खोल्या, एक बाल्कनी आणि माणसं तीन. आमचे हे चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, सकाळी डबा घेऊन गेले की दिवेलागणीला परत. दिवसभर घरात मी आणि सासूबाई. सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. सासूबाई स्वभावाने वाईट मुळीच नव्हत्या, पण घर त्यांचं होतं. डबे त्यांच्या हिशेबाने लावलेले, देव त्यांचे, रेडिओचा कान त्यांच्या हातात. माझं म्हणावं असं त्या घरात एक ट्रंक होती आणि तीही पलंगाखाली.

ऑपरेटरबाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. नोकरी संपली, पण त्यांची जीभ काही रिटायर झाली नव्हती. जिन्यात कुणी लांबण लावली की मनगटावरचं घड्याळ बघून म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" ट्रंक कॉलवर बोलणाऱ्यांना ऑपरेटर मध्येच विचारायची, तोच प्रश्न. समोरचा उत्तर शोधेपर्यंत त्या पुढच्या पायरीवर पोचलेल्या असत. लग्न का केलं नाही, भाऊ कुठे असतो, असलं काही कुणी विचारलं तर एकच उत्तर: "राँग नंबर." नको असलेलं बोलणं कानावर पडलं की कानामागे हात धरून "लाइन खराब आहे, ऐकू येत नाही." पोरंटोरं त्यांची नक्कल करायची आणि बाईंना ते माहीत होतं. एकदा एका पोराला त्यांनी जिन्यात थांबवून "होल्ड करा" कसं म्हणायचं ते नीट शिकवलं. "'करा'वर जोर नको रे. 'होल्ड'वर दे. माणूस चिडलेला असतो तिकडे."

त्यांची झाडं मात्र तळमजल्यावर नव्हती. त्यांच्या खिडक्या कंपाउंडच्या भिंतीकडे उघडायच्या, भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागायची. झाडं गच्चीवर. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बांबूचा मांडव, वर तट्ट्या, आणि त्याखाली टांगलेली, मांडलेली पन्नासेक ऑर्किडं. मी पहिल्यांदा कपडे वाळत घालायला वर गेले तेव्हा बघतच राहिले. कुंड्यांना बाजूने भोकं पाडलेली, आत विटांचे तुकडे, कोळसा आणि नारळाची सोडणं.

"ह्यात माती कुठाय?" मी विचारलं.

"माती बटाट्याला लागते," मागून आवाज आला. "तू वरच्या मजल्यावरची नवी सून ना? ये, सावलीत ये. ह्यांना आमरी म्हणतात. झाडावर वाढणारी जात आहे. मुळांना वारा लागतो, बुडाशी पाणी साचलं की मेली."

त्यानंतर मी रोज वर जायला लागले. कपडे वाळायला लागतो त्याहून जास्त वेळ मी गच्चीवर असायचे, हे सासूबाईंच्या लक्षात येत असणार, पण त्या काही बोलल्या नाहीत. बाईंनी मला एकेकीची ओळख करून दिली. मोठाल्या झालरीच्या फुलांची कॅटलिया. ती बघून मी म्हटलं, मला हिचं एक पिल्लू द्याल का? बाई म्हणाल्या, "ही फोटो काढून घेण्यापुरती. थोडे दिवस मिरवते आणि मान टाकते. तुझ्यासारखीने हिच्यापासून सुरुवात केली तर फूल गेल्यावर कुंडी जिन्याखाली जाईल." कोकणातल्या झाडांवर लोंबते ती सीतेची वेणी होती. "ही वर्षातून एकदा फुलते आणि बघता बघता संपते. जो वर्षभर नुसती पानं बघत बसू शकतो त्यालाच ही द्यावी." पांढऱ्या, फुलपाखरासारख्या फुलांची एक होती. तिची फुलं सगळ्यांत जास्त टिकतात म्हणे, पण मुंबईचा मे महिना तिला सोसत नाही, चटकन रुसते. आणि मग मांडवाच्या पुढच्या रांगेत, उसासारख्या कांड्यांची, जांभळ्या तुऱ्यांची डेंड्रोबियम. ऊन सोसणारी, चुका पोटात घालणारी, आणि एकदा फुलली की दोन-दोन महिने तशीच.

"नवशिक्याला हीच," बाई म्हणाल्या. "का ते सांग."

"कमी मेहनत?"

"अगं, नवशिका म्हणजे लाइनवर ताटकळत ठेवलेला माणूस. कधी फोन आपटेल नेम नाही. फूल टिकलं की तो रोज सकाळी उठून बघायला येतो. आजही आहे, उद्याही आहे. दोन महिने असं बघता बघता त्याला बघायची सवय लागते. मग फूल गळलं तरी तो येतोच, पान बघतो, मूळ बघतो. तेव्हा झाड जगतं. फूल झाडासाठी नसतं गं, माणसाला धरून ठेवण्यासाठी असतं."

त्या माझ्या घरी स्थळ बघायला आल्या तेव्हा मला खरंच बघायला आल्यासारखी धडधड झाली. सावली पुसट पडली. पाणी कोण घालणार? मी. रागीट कोण? ह्यांनी आईकडे बोट दाखवलं आणि सासूबाईंनी डोळे वटारले. बाईंना घर पसंत पडलं. महाशिवरात्रीच्या सुमाराला कळ्यांनी लगडलेलं जांभळं डेंड्रोबियम आमच्या बाल्कनीत आलं. ट्रंकेनंतर त्या घरात माझी अशी ही दुसरी वस्तू. तिचं मला किती कौतुक होतं ते आज सांगितलं तर हसाल. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी बाल्कनीच्या उंबऱ्यावर नुसती बसून राहायचे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तुरा पूर्ण उमलला. आणि पाडव्याच्या सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर दांडा बोडका.

फुलं देव्हाऱ्यात होती. सासूबाईंनी एकेक फूल खुडून सगळ्या देवांना वाटलं होतं, कुणावर अन्याय न करता. गणपतीला दोन. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. सासूबाईंना तर काय बिघडलं तेच समजेना. पहाटे उठायचं, परडी घ्यायची, जे उमललंय ते देवासाठी खुडायचं, हे त्या गावी लहानपणापासून करत आलेल्या.

"देवाचा फूल देवाक घातलंय," त्या ह्यांना सांगत होत्या, "त्यात माझा काय चुकला?"

बाई पाडव्याची साखरेची गाठी घेऊन वर आल्या आणि बोडका दांडा बघून दारातच थांबल्या. मला वाटलं, आता भडका उडणार. तसं काही झालं नाही. त्यांनी गाठी माझ्या हातात ठेवली, बाल्कनीत गेल्या, कुंडी उचलून कडेवर घेतली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "मुलीला माहेरी नेते."

आणि नेली. जिना उतरून, मग पुन्हा चढून, म्हणजे चारही मजल्यांना दिसेल अशी, गच्चीवर.

दुपारपर्यंत बिल्डिंगभर झालं. त्यांच्याकडे झाड नांदलं नाही, परत नेलं. सासूबाईंना हे फारच लागलं. आपल्याबद्दल कुणी काय बोलेल याची त्यांना आयुष्यात फिकीर नव्हती, पण आमच्या घरात पोर नांदली नाही, मग ती पोर झाड का असेना, हे त्यांना सहन होईना. दोन दिवस त्यांनी शेजारी जाणं बंद केलं.

मग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. आदल्या दिवशीची फुलं सकाळी देवावरून उतरवायची आणि निर्माल्यात टाकायची, ही रीत. जास्वंद सुकली, मोगरा काळवंडला, पण ती जांभळी फुलं तशीच टवटवीत. सासूबाई फुलाला हात लावायच्या आणि काढून घ्यायच्या. ताजं फूल निर्माल्यात कसं टाकायचं? आणि कालचं फूल आज देवावर कसं ठेवायचं? दोन्हीकडून अधर्म. पाचव्या दिवशी त्यांनी पूजा अर्धी सोडली, पदर सारखा केला आणि तळमजल्यावर निघाल्या. भांडण होणार म्हणून मी मागे धावले.

बाईंनी दार उघडलं. सासूबाईंनी प्रस्तावना केली नाही.

"ओ बाई, ह्या फूल शिळा कधी होता?"

"काय?"

"पाच दिस झाले. काढूक जीव होना नाय. आणि ठेवूचा तर कालचा फूल देवार कसा ठेवू? तुमचा झाड, तुमीच सांगा."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं नाही. "मला कुणी हे विचारलंच नव्हतं हो," त्या सावकाश म्हणाल्या. "एवढं सांगते, झाडावर असतं तर दोन महिने शिळं झालं नसतं."

"दोन म्हयने?" सासूबाई तिथेच दारातल्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मगे झाडारच रवांदे. देवाक थंय हाडतंय."

"देवाला बाल्कनीत आणणार? ऊन लागेल ना."

"तुमच्या झाडाक चलता ता ऊन देवाक चलात."

बाई मोठ्याने हसल्या. मला तोवर माहीतच नव्हतं की त्यांचं हसणं इतकं मोठं आहे. दुसऱ्या दिवशी आमचं झाड सासरी परत आलं, पाठवणीला पिशवीभर कोळसा घेऊन. पावसाळ्यात त्याला पुन्हा तुरा आला तेव्हा सासूबाई रोज सकाळी पितळेचा गणपती तबकात घालून बाल्कनीत न्यायच्या, तुऱ्याखाली धरायच्या, एक फूल त्याच्या मस्तकाला टेकवायच्या आणि त्याला परत आत आणायच्या. समोरच्या बिल्डिंगमधले लोक बघत राहायचे. सासूबाई म्हणायच्या, बघूंदेत.

आणि तेव्हापासून दुपारी दोघी गच्चीवर. एक मालवणीत बोलायची, दुसरी टेलिफोनच्या भाषेत. कोण कुणाचं किती ऐकत होतं देव जाणे.

त्याच पावसाळ्यात चौथ्या मजल्याची छतं गळायला लागली. आधीच वरच्या लोकांचा बाईंवर राग होता. बाई गेटवर येणाऱ्या कोळणीकडून मासे धुतलेलं पाणी बादलीत घ्यायच्या आणि पातळ करून झाडांना घालायच्या. "म्हावरं सोरून पानी कशाला नेतंस गो बाय?" असं कोळीण रोज विचारायची. चौथ्या मजल्यावर एक गुजराती बेन राहायच्या, त्यांच्या स्वयंपाकघरात तो वास उतरायचा. त्यात छत गळायला लागलं. सेक्रेटरीने मीटिंग बोलावली. पाऊस थांबला की गच्चीवर डांबर घालायचं, दिवाळीपर्यंत गच्ची रिकामी हवी, पुढे गच्चीला कायमचं कुलूप.

बाई भांडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "छत लोकांचं आहे. गळतंय हे खरं आहे." आणि उठून गेल्या.

जिन्यात मी त्यांना गाठलं. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "खाली माझ्याकडे एकही जगणार नाही," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत सगळ्यांना घरं बघायला हवीत. आणि घरं ही असली. एकाला काही येत नाही." ती झाडं गेली तर या बाईजवळ काहीच उरणार नाही, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

गणपती उठले आणि स्थळं बघायला सुरुवात झाली. या वेळी बाईंच्या सोबत सासूबाई. बाई सावली बघायच्या, सासूबाई माणसं बघायच्या. "ही नको ओ बाई, हिच्या घरात नळ सदीचो गळता. जिका नळ दुरुस्त करूक जमना नाय ती झाड काय सांभाळतली?" घर पसंत पडलं की बाई प्रत्येक घरी उभ्याने तेच सांगायच्या. माती घालायची नाही. बशीत पाणी साचू द्यायचं नाही. दिवाळी झाली की पाणी तोडायचं, थंडीत झाड कोरडं ठेवायचं, नाहीतर फुलाच्या जागी पिल्लूच फुटतं. सांगून झालं की म्हणायच्या, "परत म्हणून दाखवा." बँकेतले ऑफिसर, शाळेतल्या मास्तरीणबाई, सगळे दारात उभं राहून पाठ म्हणायचे.

जवळजवळ सगळ्यांना जांभळी डेंड्रोबियमच दिली, टिकाऊ फुलांची. सीतेची वेणी एका आजोबांना, जे तसेही दिवसभर बाल्कनीत बसून असत. पांढरी मास्तरीणबाईंना, जांभळीच्या जोडीला, बऱ्याच घासाघिशीनंतर. ज्यांनी तक्रार केली त्या बेननाही बाईंनी झाड दिलं. बेननी आठवड्याभरात त्याला ताक पाजलं. "गरमीमध्ये छास चांगला असते ना, बाई!" बाई कपाळाला हात लावून बसल्या, मग स्वतः मोरीत कुंडी धुऊन दिली. सेक्रेटरीने आपण होऊन कॅटलिया मागितली तेव्हा बाईंनी शांतपणे सांगितलं, "या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत." उरलेल्या कॅटलिया शेजारच्या सोसायटीत गेल्या. दिवाळीपर्यंत सेक्रेटरीचं सोडून बिल्डिंगमधलं एकही घर झाडावाचून राहिलं नव्हतं. झाडांची सोय झाली. मला वाटलं, सुटलो.

दिवाळीत बाई आमच्याकडे आल्या. झाड बघितलं, पान उलटून बघितलं. सासूबाईंनी फराळाची ताटली आणली, मी चहा टाकला.

"नको," बाई म्हणाल्या. "लेकीचं घर आहे. इथलं पाणी चालायचं नाही मला."

आम्हाला वाटलं, थट्टा. पण त्या गंभीर होत्या. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही जुनी रीत. त्यांच्या आईने थोरल्या बहिणीकडे कितीतरी वर्षं पाळलेली. उन्हातून चालत यायची आणि लेकीच्या दारात बसून बरोबर आणलेलं पाणी प्यायची म्हणे. गणपतीपर्यंत दोन-तीनच घरांत बाईंची झाडं होती, त्यामुळे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता घरोघरी लेकी झाल्या. ज्या ज्या घरी बाईंना चहा मिळू शकत होता त्या सगळ्या घरांत त्यांनी आपल्या हाताने झाड देऊन ठेवलं होतं. उरलं फक्त सेक्रेटरीचं घर, आणि तिथे त्या मेल्या तरी गेल्या नसत्या.

"अगं, झाड आहे ते," आमचे हे रात्री म्हणाले. "सांग की त्यांना."

"तुम्हीच सांगा."

त्यांनी काही सांगितलं नाही. सासूबाई तर रीतीविरुद्ध ब्रही काढणाऱ्यातल्या नव्हत्या. "रीत आसा ती," एवढंच म्हणाल्या आणि फराळाची ताटली आत नेली.

मग बाई येईनाशाच झाल्या. पाणीही न पिता कुणाच्या घरी किती वेळ बसणार? आणि लेकीच्या घरी सारखं जाऊ नये हेही होतंच. गच्चीला कुलूप, त्यामुळे जिना चढायचं कारण उरलं नाही. "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" हे जिन्यात ऐकू येईना. पोरांनी नक्कल करणंही सोडलं. संध्याकाळी त्या कंपाउंडमध्ये उभ्या राहून एकेका बाल्कनीकडे मान वर करून बघायच्या. मी वरून हाक मारायचे, "या ना वर!" त्या कानामागे हात धरायच्या, लाइन खराब आहे. मला फार वाईट वाटायचं, आणि खरं सांगते, रागही यायचा. झाडांशी कसल्या रीती पाळतात! त्या हिवाळ्यात त्या वाळल्या. दार उघडायला वेळ लावायला लागल्या. एकदा सासूबाई खाली जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "चुलीर कायच नाय तिच्या. बिस्किटा खाता."

त्या थंडीत सासूबाई दुपारी "वायच जावन येतंय" म्हणून बाहेर पडायला लागल्या. आज दुसरा मजला, उद्या चौथा. मला वाटलं, कुणाकडे टीव्ही बघायला जात असतील.

होळीच्या सुमाराला तुरा यायला हवा होता. मी रोज कांड्यांची टोकं बघायचे. एक दिवस एका कांडीच्या शेंड्याला हिरवं काहीतरी फुटलेलं दिसलं. कळी नव्हती. दोन चिमुकली पानं, आणि त्यांच्या बुडाशी दोऱ्यासारखी पांढरी मुळं, हवेत लोंबणारी. मी सासूबाईंना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं, चपला घातल्या आणि खाली गेल्या. जिन्यातून त्यांचा आवाज वर येत होता.

"ओ बाई, चला वर! आजी झालास तुमी! बाळंतिणीक बघूक येवचा नाय?"

बाई आल्या. दम लागला होता, बाल्कनीच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. चष्मा पुसून पिल्लाकडे बघितलं. कोळशात बोट घातलं. बोट ओलं निघालं. त्यांचा चेहरा बदलला.

"पाणी कुणी घातलं?"

मी म्हणाले, मी नाही.

"थंडीत पाणी तोडलं तर कळी धरते. पाणी घालत राहिलं तर फुलाच्या जागी पिल्लू फुटतं. घरोघरी पाठ करून घेतलं होतं मी." त्या सासूबाईंकडे वळल्या. "तुम्ही तर प्रत्येक घरी माझ्या शेजारी उभ्या होतात."

"होतंय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणानच घातलंय. रोज घातलंय."

"झाड कुजलं असतं!"

"कुजला नाय."

"यंदा फूल येणार नाही. एक नाही. तुमच्या देवाला काय वाहणार?"

"देव थांबतलो वरसभर," सासूबाई म्हणाल्या. "तुमी बसा. चाय घेवा."

बाईंनी पिल्लाची लोंबणारी मुळं बोटाने उचलून बघितली. मग खुर्ची ओढून बसल्या. मी चहा दिला. पहिला घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "साखर कमी आहे." सासूबाईंनी डबाच आणून समोर ठेवला. त्या दिवशी बाई आमच्याकडे जेवल्या, आणि जेवून झाल्यावर माझ्या पलंगावर झोपल्या, दिवे लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बेन जिन्यातून ओरडत खाली आल्या. त्यांच्याही झाडाला पिल्लू फुटलं होतं. मग मास्तरीणबाई आल्या, मग बँकेतले ऑफिसर. सासूबाई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाई पुढचे कित्येक दिवस रोज एका घरी बाळंतिणीला बघायला गेल्या आणि रोज त्या घरी चहा प्यायल्या. सेक्रेटरीच्या बायकोनेसुद्धा निरोप पाठवला, आमच्याकडे लेक नाही तेव्हा आमचं पाणी चालेल ना म्हणून. टिकाऊ फुलांची झाडं घरोघरी निवडून दिलेली, पण त्या वर्षी होळीपासून पावसापर्यंत आमच्या बिल्डिंगमध्ये एकाही बाल्कनीत जांभळा तुरा आला नाही.